टोरांटो ते व्हँकुव्हर गाडीने: लेक सुपीरियर उरकू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरांटोहून व्हँकुव्हरला गाडीने जायचं. माणसं चार: नवरा-बायको आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले सत्तरीचे आईबाबा. हातात १२ दिवस. जूनअखेर निघावं की सप्टेंबरात? उत्तर ओंटारिओत ‘नुसती झाडंच आहेत’ असं सगळे सांगतात, तर तो भाग पटकन मागे टाकून रॉकीजला जास्त दिवस द्यावेत का? की सरळ अमेरिकेत शिरून मिशिगन-मिनेसोटामार्गे जावं?

या रस्त्यावर मी बरीच वर्षं ट्रक चालवला आहे आणि हल्ली पाहुण्यांना घेऊन जातो. माझं उत्तर: सप्टेंबरचा दुसरा आठवडा, कॅनडातूनच, आणि दिवस वाचवायचे तर ते प्रेअरीत, म्हणजे मधल्या सपाट मैदानी पट्ट्यात वाचवा, उत्तर ओंटारिओतल्या लेक सुपीरियरच्या किनाऱ्यावर नाही.

अमेरिकेचा विषय आधी संपवतो. कॅनडाचा व्हिसा असला म्हणून भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत शिरता येत नाही, आईबाबांना अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागेल. तो असेल तर तिकडचे रस्ते रुंद आहेत, पेट्रोल स्वस्त आहे, वेळही थोडा वाचतो. पण मग तुम्ही ज्या किनाऱ्यासाठी ही ट्रिप करावी असं मला वाटतं, तोच हुकतो.

आता ‘नुसती झाडं’. हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. सू सेंट मारी ते थंडर बे हे साधारण ७०० किलोमीटर हायवे १७ वरून न उतरता कापले तर झाडं, खडक, तळी आणि पुढच्या ट्रकचा मागचा भाग एवढंच दिसतं. रस्ता बराच वेळ तळ्यापासून आत, डोंगरातून जातो. तळं एखाद्या वळणावर समोर येतं आणि नीट बघेपर्यंत गेलेलं असतं. प्रेअरी गाडीच्या काचेतून दिसते, रॉकीजही दिसतात. सुपीरियर बघायला मात्र गाडी थांबवून खाली उतरावं लागतं, पाण्यापर्यंत चालावं लागतं. न थांबता गेलेल्या माणसाला तिथे काही नव्हतं असंच वाटणार.

हे तळं पृष्ठभागाच्या हिशेबाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर. आईबाबांना ‘तळं बघायला चाललोय’ असं सांगू नका. पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या येतात, आणि नोव्हेंबरातल्या वादळांचा खलाशांना धाक असतो. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज अशाच वादळात बुडालं आणि त्यावरचे २९ जणही गेले.

या किनाऱ्याने रस्ता काढणं इतकं कठीण होतं की अगावा आणि मॅरेथॉन या ठिकाणांमधला तुकडा जोडला गेला तो १९६० मध्ये. तोवर गाडीने पश्चिमेकडे निघालेला माणूस एक तर उत्तरेच्या हर्स्टकडून मोठा वळसा घेई, नाहीतर अमेरिकेतून जाई. वावा गावाच्या तोंडाशी उभा असलेला भलामोठा हंस तेव्हाच, रस्ता सुरू झाल्याच्या आनंदात बसवला. उद्देश उघड होता: नव्या रस्त्यावरून सुसाट जाणारे लोक आपल्या गावात थांबावेत. आजही लोक हंसाचा फोटो काढतात आणि पुढे जातात.

पहिल्या दिवशी टोरांटोहून पहाटे निघून सू सेंट मारी गाठा. जवळजवळ ७०० किलोमीटर होतात, पण सगळे ताजेतवाने असतात आणि सडबरीपर्यंतचा बराचसा रस्ता चौपदरी आहे. यानंतर मात्र आईबाबा बरोबर असताना दिवसाला ६०० ही वरची मर्यादा धरा. मॅप ज्याला साडेसात तास म्हणतो, त्याला चार माणसांची गाडी साडेनऊ घेते.

दुसऱ्या दिवशी फक्त सू ते वावा. २३० किलोमीटर, आणि त्याला अख्खा दिवस. हा सल्ला ऐकून प्रत्येक जण म्हणतो, एवढंसंच? हो, एवढंसंच. कॅथरीन कोव्हला उथळ पाणी आणि वाळूचा किनारा आहे, आईबाबा गाडीतून उतरून दोन मिनिटांत पाण्याशी पोचतात. थोडं अलीकडे अगावा रॉक आहे. थेट तळ्यात उतरलेल्या कड्यावर इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांनी तांबड्या मातीच्या रंगाने काढलेली चित्रं आहेत: होड्या, प्राणी, आणि पाण्याखाली राहणारा शिंगवाला मिशिपेशू. पायवाट लांब नाही, पण खडकांमधून उतरते, आणि चित्रं बघायला पाण्यालगतच्या तिरक्या, निसरड्या खडकावर उभं राहावं लागतं. लाटा असतील तर तिथे कुणीच जायचं नाही. तळं शांत असेल तर तुम्ही दोघं जा, आईबाबांना वर बाकावर बसवा. ती जागा ओजिब्वे लोकांसाठी पवित्र आहे, चित्रांना हात लावायचा नाही. वावाच्या अलीकडे ओल्ड वुमन बे लागतो. तिथे पार्किंगपासून वाळू पन्नास पावलांवर आहे आणि समोर उभा कडा. संध्याकाळ तिथे घालवा आणि अंधार पडायच्या आत वावात मुक्कामाला या.

अंधाराबद्दल मी हटवादी आहे, आणि त्याचं कारण मूस, हरणाच्या कुळातला भलामोठा प्राणी. पूर्ण वाढलेला मूस खांद्याशी जवळजवळ दोन मीटर उंच असतो आणि वजन सहज चारशे-पाचशे किलो. अंगाचा रंग गडद तपकिरी, त्यामुळे रात्री डांबराच्या पार्श्वभूमीवर तो दिसतच नाही. हेडलाइटचा उजेड त्याच्या पायांवर पडतो, डोळे त्याच्या वर राहतात, म्हणून हरणासारखे चमकत नाहीत. आणि धडक बसली तर बॉनेट त्याचे पाय उडवतं आणि धड थेट समोरच्या काचेवर येतं. गाडी मोठी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी मोटेलच्या दारात, सकाळी नीट उजाडल्यावर बाहेर. सप्टेंबरच्या मध्यावर साडेबारा तास उजेड मिळतो, तो पुरतो. दिवसाही रस्त्याकडेला एखादी गाडी विनाकारण थांबलेली दिसली तर वेग कमी करा, बहुतेक वेळा समोर काहीतरी उभं असतं.

रस्ता बहुतांश दोनपदरी आहे, मध्ये दुभाजक नाही, आणि वेगमर्यादा साधारण ताशी ९०. तुमच्या मागे ट्रक येऊन चिकटला तर रागावू नका आणि घाबरून वेगही वाढवू नका. पुढची पासिंग लेन, म्हणजे ओव्हरटेक करण्यासाठीची जादा लेन, किती किलोमीटरवर आहे याची पाटी असते, तिथे उजवीकडे राहून त्याला जाऊ द्या. पासिंग लेन आली की अचानक वेग वाढवणारे लोक ट्रकवाल्यांना सर्वांत जास्त छळतात. रस्त्याच्या कडेला खडी असते. एखादं चाक तिथे उतरलं तर स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, वेग पडू द्या, मग हळूच वर या. मर्यादेपेक्षा ५० ने जास्त वेगात सापडलात तर ओंटारिओत जागेवरच ३० दिवस लायसन्स आणि १४ दिवस गाडी जप्त होते. वावाच्या पुढे हे झालं तर तुमची ट्रिप तिथेच संपली.

पेट्रोलचा नियम एकच: अर्धी टाकी झाली की पुढचा पंप दिसेल तिथे भरायची, दर न बघता. नकाशावर गाव दिसतं म्हणून तिथे पंप असतोच असं नाही, असला तरी रात्री चालू असेलच असं नाही. फोनलाही लांबलांब रेंज नसते. नकाशे आदल्या रात्री मोटेलच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा आणि सकाळी निघण्यापूर्वी ‘५११ ओंटारिओ’वर रस्ता चालू आहे का ते बघा. इथे अपघाताने रस्ता बंद झाला की शेजारून पर्यायी रस्ता नसतो, लोक सहा-सहा तास अडकतात. त्यामुळे पाणी, खाणं, एकेक ब्लँकेट आणि आईबाबांची औषधं डिकीत न ठेवता हाताशी ठेवा.

तिसरा दिवस वावा ते थंडर बे, ४८० किलोमीटरच्या आसपास. टेरेस बेला अग्वासाबॉन धबधब्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे, थोडं चालून कठड्यापाशी पोचता येतं. पुढे निपिगॉनची नदी ओलांडताना एक गोष्ट लक्षात असू द्या: कॅनडाचा पूर्व आणि पश्चिम भाग रस्त्याने जोडणारा हा एकच बिंदू आहे. हायवे ११ आणि हायवे १७ इथे एकत्र येतात आणि एकाच पुलावरून जातात. नवा केबलचा पूल नोव्हेंबर २०१५ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि १० जानेवारी २०१६ ला कडाक्याच्या थंडीत त्याची एक बाजू सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलली गेली. देशातल्या देशात पूर्व-पश्चिम वाहतूक थांबली, लोकांना अमेरिकेतून जायला सांगावं लागलं. आता पूल भक्कम आहे, पण ट्रकवाले तिथून जाताना अजून ती आठवण काढतात.

थंडर बेच्या अलीकडे, डोंगरावर, टेरी फॉक्सचा पुतळा आहे. तिथे थांबाच, आणि आईबाबांना आधी गोष्ट सांगा. कर्करोगाने उजवा पाय गेलेला हा २१ वर्षांचा मुलगा १२ एप्रिल १९८० ला अटलांटिकच्या किनाऱ्यावरून, कर्करोगाच्या संशोधनाला पैसे जमवण्यासाठी, कृत्रिम पायावर पळत निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला आणि १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं, रोग फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. पुतळ्याचं तोंड पश्चिमेकडे आहे. तुम्ही तोच हायवे ताशी नव्वदने कापत इथवर आलेला असता, त्यामुळे ५,३७३ हा आकडा घरी वाचताना वाटतो तसा इथे वाटत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काकाबेका धबधबा. ४० मीटर उंच, आणि बघायची जागा पार्किंगपासून अगदी जवळ, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमेल. तिथून किनोरापर्यंत जवळजवळ ४५० किलोमीटर. या वाटेवर घड्याळ एक तास मागे जातं. पुढे सॅस्कॅचेवानच्या हद्दीवर आणि ब्रिटिश कोलंबियात पुन्हा एकेक तास. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या ठरल्या वेळेला असतील तर एक मनगटी घड्याळ टोरांटोच्या वेळेवरच ठेवा आणि हळूहळू सरकवा. फोन आपोआप बदलतो आणि त्यात गोळीची वेळ चुकते.

आता दिवस वाचवा. किनोराहून विनिपेग २१० किलोमीटर, जेवून पुढे ब्रँडनला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ब्रँडन ते स्विफ्ट करंट, सहाशेच्या आसपास. रस्ता चौपदरी, सरळ, सॅस्कॅचेवानात मर्यादा ११०. प्रेअरी मला कंटाळवाणी वाटत नाही. पन्नास किलोमीटरवर पडणारा पाऊस इथे बसल्या जागी दिसतो, आणि सप्टेंबरात कापणीची यंत्रं धूळ उडवत शेतातून फिरत असतात. पण हे सगळं चालत्या गाडीतून दिसतं, त्यामुळे इथे पळणं परवडतं. अपवाद ड्रमहेलरचा. स्विफ्ट करंटहून निघून मेडिसिन हॅट, ब्रूक्सवरून वर वळा. सपाट शेतातून जाता जाता जमीन एकदम खाली कोसळते आणि पट्ट्यापट्ट्यांच्या मातीची दरी उघडते. तिथलं रॉयल टिरेल म्युझियम डायनासोरच्या सांगाड्यांसाठी जगभर ओळखलं जातं. अर्धा दिवस तिथे द्या, रात्र तिथेच काढा.

रॉकीजबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर सगळे लिहितात. तीन रात्री ठेवा. बॅन्फ गावात खोल्या महाग पडतात, कॅनमोर बघा. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, पार्क्स कॅनडाची शटल बस आधी आरक्षित करावी लागते. तारखा ठरल्या की पहिलं काम ते करा. जॅस्परकडे जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर २३० किलोमीटरमध्ये पेट्रोल मिळतं ते मध्ये सॅस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही हंगामातच, म्हणून लेक लुईजला टाकी भरूनच निघा. त्या वाटेवरच्या बो समिट खिंडीची उंची दोन हजार मीटरच्या वर आहे, सप्टेंबरातही बर्फ पडू शकतो. आकाश गच्च असेल तर तो दिवस बॅन्फमध्ये काढा. जॅस्पर गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जुलै २०२४ च्या वणव्यात जळाला. तिथे मुक्काम करायचा असेल तर खोली पक्की झाल्याशिवाय निघू नका. तुमच्या १२ दिवसांत अथाबास्का हिमनदीपर्यंत जाऊन परत फिरणं जास्त बरं.

तर सप्टेंबरच का? पहिलं कारण किडे. मे-जूनमध्ये उत्तर ओंटारिओत ब्लॅक फ्लाय असतात, त्या चावत नाहीत तर कातडीचा तुकडा काढतात, आणि त्यांच्या पाठोपाठ डास. ज्या किनाऱ्यावर तुम्ही उतरावं म्हणून मी इतका आग्रह धरतोय, तिथे आईबाबा पाच मिनिटं टिकणार नाहीत. शिवाय याच दिवसांत किड्यांना कंटाळलेले आणि रस्त्याकडेच्या चरातलं खारं पाणी चाटायला आलेले मूस सर्वांत जास्त दिसतात. दुसरं, १ जुलैच्या कॅनडा डेच्या आसपास छोट्या गावांतली मोटेलं भरलेली असतात आणि पुढचं गाव शंभर किलोमीटरवर असतं. तिसरं, धूर. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं. सप्टेंबरात धूर नसतोच असं नाही, पण संभव उतरणीला लागतो. आणि महिन्याच्या उत्तरार्धात रॉकीजमधले लार्च वृक्ष पिवळेधमक होतात. दुसऱ्या आठवड्यात निघालात तर बॅन्फला पोचेपर्यंत नेमकी तीच वेळ येते. ऑक्टोबरात मात्र ढकलू नका: १ ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी हायवेंवर हिवाळी टायर सक्तीचे होतात.

गाडी भाड्याची असेल तर एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडण्याचा आकार आधी विचारा, कधी कधी तो भाड्याच्या बरोबरीने येतो. आईबाबांचा आरोग्य विमा ओंटारिओबाहेर चालतो ना, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत ना, हे कागदावर बघा. सुपीरियरच्या या पट्ट्यात मोठं हॉस्पिटल सू किंवा थंडर बेला, मध्ये लहानसहान.

शेवटचे दोन दिवस. कॅनमोरहून रॉजर्स पासवरून कॅमलूप्स, पाचशेच्या वर किलोमीटर, वळणं बरीच. ट्रान्स-कॅनडा हायवेचं उद्घाटन १९६२ मध्ये याच खिंडीत झालं, आणि हिवाळ्यात इथे हिमकडे आपणहून कोसळण्याआधीच पाडायला सैन्याच्या तोफा लागतात. कॅमलूप्सहून व्हँकुव्हरला दोन वाटा. कोकाहाला हायवे ५ जलद आणि रुंद, पण लांबलांब चढ-उतार. हायवे १ फ्रेझर नदीच्या घळीतून जातो, दोन तास जास्त धरा. तोच लिटनवरून जातो, जिथे २९ जून २०२१ ला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी आगीत गाव गेलं. आईबाबांची पाठ धरली नसेल तर माझं मत घळीच्या बाजूने. दोन्ही वाटा होप गावाला एकत्र येतात. तिथे जेवून घ्या, पाय मोकळे करा आणि दुपारी दोनच्या आत निघा, कारण ॲबट्सफर्डपासून पुढे संध्याकाळची गर्दी लागली की तो शेवटचा तासाभराचा रस्ता तीन तास खातो.